सोन्याच्या कणांची कवायत

मुलांनो, सोन्याचा रंग कोणता? असं कुणी विचारलं, तर पहिलीतलं मूलसुद्धा हसेल. "सोन्याचा रंग सोनेरी! यात काय विचारायचं?" आजीच्या पाटल्या सोनेरी, आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या सोनेरी. दसऱ्याला वाटतो ती आपट्याची हिरवी पानं सोडली, तर सगळं सोनं पिवळंधमक!

पण समजा, मी तुमच्यासमोर दोन बाटल्या ठेवल्या. एकीत कोकम सरबतासारखं लालचुटुक पाणी, दुसरीत जांभळट निळं. आणि सांगितलं, की दोन्ही बाटल्यांत सोनंच आहे. दोन्हींत सारखंच आहे. रंगाचा एक थेंबही घातलेला नाही. तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय, बाई!"

पण ही थाप नाही, बरं का. दोन्ही बाटल्यांत सोन्याचे अगदी बारीक कण तरंगताहेत. कण तेच, आकार तोच. फरक एवढाच, की लाल बाटलीत ते एकमेकांपासून लांब लांब आहेत आणि निळ्या बाटलीत एकमेकांना खेटून आहेत. नुसतं अंतर बदललं आणि रंग बदलला! या कणांना हव्या त्या अंतरावर, शिस्तीत उभं कसं करायचं, यामागे जगभरचे शास्त्रज्ञ लागले आहेत. कारण हे जमलं, तर आजाराची तपासणी सोपी होते, फळावरचं विषारी औषध ओळखता येतं आणि प्रकाशाला हवं तसं वागवता येतं. चला तर मग, या कणांची कवायत बघू या.

केवढे हे कण?

तुमची पट्टी काढा. त्यावर सेंटिमीटरचे दहा बारीक भाग दिसतात ना? त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिमीटर. आता त्या एका मिलिमीटरचे मनातल्या मनात दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या गोष्टीतले सोन्याचे कण साधारण १३ नॅनोमीटर जाडीचे आहेत. म्हणजे पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे ७७ हजार कण एका ओळीत बसतील! एवढी माणसं उभी करायची तर एक अख्खं छोटं शहर लागेल.

आणि एवढासा कण म्हणजे एकच अणू असेल, असं समजू नका. १३ नॅनोमीटरच्या एका गोल कणात सोन्याचे सुमारे ६८ हजार अणू असतात. असे कण पाण्यात टाकले की ते तळाला बसत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना सगळीकडून सारखे ढकलत असतात, त्यामुळे ते तरंगत राहतात. अशा बारीक कणांना नॅनोकण म्हणतात.

राजाचा जादूचा पेला

नॅनोकण हा शब्द नवा असला, तरी माणसाने हे कण फार पूर्वीच वापरले आहेत, तेही काहीच माहीत नसताना! लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक काचेचा पेला आहे. तो १९५८ साली तिथे आला, पण बनला तो रोमन लोकांच्या काळात, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी. त्यावर द्राक्षाच्या वेलीत अडकलेल्या लायकर्गस राजाचं चित्र कोरलं आहे. म्हणून त्याचं नाव लायकर्गसचा पेला.

या पेल्यावर समोरून उजेड पडला, की तो हिरवा दिसतो. शेवाळी हिरवा म्हणा ना! पण आत दिवा ठेवला आणि उजेड काचेतून आरपार आला, की तोच पेला माणकासारखा लाल होतो. शास्त्रज्ञांनी त्या काचेचा तुकडा तपासला तेव्हा कळलं, की काचेत सोन्याचे आणि चांदीचे नॅनोकण विखुरलेले आहेत. त्यांच्यावरून मागे परतणारा प्रकाश हिरवा आणि त्यांच्यामधून पार जाणारा प्रकाश लाल. त्या रोमन कारागिराला कण माहीत नव्हते, नॅनोमीटर तर नाहीच नाही. हाताचं कसब मात्र अस्सल होतं!

फॅरेडेची लाल बाटली

मायकेल फॅरेडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १७९१ साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करायचा. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता तो विज्ञान शिकला आणि पुढे विजेचा फार मोठा शास्त्रज्ञ झाला. सायकलच्या डायनामोमागचं तत्त्व त्याचंच.

याच फॅरेडेने उतारवयात सोन्याचे प्रयोग केले आणि १८५७ साली ते लोकांपुढे मांडले. सोन्याच्या क्षारापासून त्याने लाल रंगाचं पाणी तयार केलं. नुसत्या डोळ्यांना ते स्वच्छ लाल सरबत दिसायचं. पण त्यातून प्रकाशाचा झोत सोडला, की झोताची वाट चमकायची, जशी सकाळी कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात धूळ चमकते तशी. फॅरेडेने ओळखलं, की पाण्यात सोन्याचे कण आहेत, फक्त ते फार बारीक आहेत.

मग त्याने त्यात थोडं मीठ टाकलं. आणि लाल पाणी निळं झालं! मिठाने असं काय केलं? या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे सुटे राहतात. मीठ पडलं की हा भार जणू झाकला जातो. मग कण एकमेकांवर आदळतात, चिकटतात आणि त्यांचे गठ्ठे होतात. कण जवळ आले, रंग बदलला.

फॅरेडेच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. आणि त्यातलं पाणी अजून लालच आहे!

पण मिठाने केलेल्या कामात एक मोठी खोट होती. कण जवळ आले खरे, पण कसे? मधली सुट्टी झाल्यावर पाण्याच्या नळापाशी मुलं गोळा होतात ना, तसे! कोण कुणाशेजारी, किती अंतरावर, काही धरबंध नाही. आणि एकदा चिकटलेले कण सहसा पुन्हा सुटत नाहीत. गर्दी झाली, पण कवायत झाली नाही.

लाल का? निळं का?

आता तुमच्या मनात आलंच असेल, की अंतराने रंग कसा बदलतो? त्यासाठी आधी झोक्यावर बसू या.

झोका देताना तुम्ही काय करता? झोका मागे येतो, नेमक्या त्याच वेळी धक्का देता. ठेका जुळला की झोका उंच उंच जातो. ठेका चुकला की झोका अडखळतो. प्रत्येक झोक्याचा आपला एक ठेका असतो. लांब दोरीचा झोका सावकाश, आखूड दोरीचा झोका भरभर.

धातूमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण मोकळे हिंडत असतात. म्हणूनच धातूतून वीज वाहते. सोन्याच्या नॅनोकणात हे इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. प्रकाशाची लाट आली, की ते सगळे मिळून इकडून तिकडे हेलकावे खातात, भरलेल्या कळशीत पाणी हेलकावतं तसे. या हेलकाव्याला शास्त्रज्ञ प्लाझ्मॉन म्हणतात. आणि झोक्यासारखाच या हेलकाव्याचाही एक ठेका असतो.

पांढऱ्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग असतात. प्रत्येक रंगाच्या लाटेचा ठेका वेगळा. तांबड्याचा सावकाश, जांभळ्याचा भरभर. सोन्याच्या सुट्या नॅनोकणाचा ठेका हिरव्या रंगाशी जुळतो. म्हणून तो उजेडातला हिरवा रंग गट्ट करतो. हिरवा गेला, आणि उरलेला उजेड आपल्याला लाल दिसतो. १९०८ साली गुस्ताव मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे गणिताने मांडून दाखवलं.

आता दोन कण अगदी शेजारी शेजारी आणा. एकाच आडव्या दोरीला दोन झोके बांधले, तर एक हलला की दुसराही हलतो ना? तसंच इथे होतं. एका कणातले हेलकावे शेजारच्या कणाला जाणवतात. शेजाऱ्याच्या ओढीने हेलकाव्याचा ठेका थोडा सावकाश होतो. मग हे कण हिरव्याऐवजी पिवळा, नारिंगी, तांबडा असा सावकाश ठेक्याचा उजेड खायला लागतात. तो गेला, की उरतो निळा-जांभळा. झाली आपली बाटली निळी!

पाण्यावरचा चांदीचा आरसा

अंतराची ही गंमत कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली फार सुरेख दाखवली. जेम्स हीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याऐवजी चांदीचे कण घेतले, जेमतेम तीन-चार नॅनोमीटरचे. कण चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर तेलकट रेणूंचं आवरण चढवलं आणि ते पाण्यावर पसरले. पाण्यावर कणांचा एकेरी थर तयार झाला. मग एका आडव्या पट्टीने तो थर हळूहळू सरकवत दाबायला सुरुवात केली. भाकरीचं पीठ परातीत एका बाजूला सारतो ना, तसं.

कण जवळ येऊ लागले, तसा थराचा रंग बदलू लागला. आणि दोन कणांमधलं अंतर अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास आलं, तेव्हा काय झालं असेल? पाण्यावर लखलखीत आरसा दिसू लागला! इतका वेळ सुटे असलेले कण आता सलग धातूसारखे वागायला लागले. पट्टी मागे घेतली, कण लांब गेले, आरसा नाहीसा झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा आरसा. फॅरेडेच्या मिठाला हे जमत नव्हतं. इथे कण जवळ आणता येत होते आणि परत लांबही नेता येत होते.

ठिपके कोण मांडणार?

ठिपक्यांची रांगोळी तुम्ही काढली असेल, नाहीतर आई-आजीला काढताना पाहिलं असेल. अंगणात ठिपके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून काही जणी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद वापरतात. कागद ठेवायचा, वरून रांगोळी टाकायची, कागद उचलायचा. ठिपके तयार!

पण नॅनोकणांसाठी असा कागद आणायचा कुठून? तेवढी बारीक उदबत्ती नाही आणि तेवढे बारीक हातही नाहीत. एकेक कण चिमट्याने उचलून ठेवायचा म्हटलं, तर जन्म पुरायचा नाही. मग एकच उपाय उरतो. कणांनीच आपली आपली जागा शोधून उभं राहायचं! शाळेत शिट्टी वाजली की तुम्ही आपापल्या जागेवर जाता, कुणी तुम्हांला उचलून ठेवत नाही. तसंच.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. पहिली, कण सारख्या आकाराचे हवेत. लहान-मोठे असले की ओळ बिघडते. ती सोय आधीच झाली होती. सोन्याचा क्षार पाण्यात उकळून त्यात सोडियम सायट्रेट टाकलं, की सारख्या आकाराचे कण मिळतात. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आंबट आम्लाचंच भावंडं. १९५१ साली जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत बारकाईने अभ्यासली. दुसरी गोष्ट अवघड होती. कुणी कुणाशेजारी उभं राहायचं, हे कणांना सांगणार कोण?

हे काम दिलं गेलं डीएनएला! तोच डीएनए, जो तुमच्या-माझ्या शरीरातल्या पेशींत असतो आणि ज्यामुळे तुमचं नाक बाबांसारखं किंवा आजोबांसारखं होतं. डीएनए हा चार अक्षरांचा धागा आहे: ए, टी, जी आणि सी. ए नेहमी टीचाच हात धरतो आणि जी नेहमी सीचाच. टिचबटणाचे दोन भाग असतात ना? एकाला खळगा, दुसऱ्याला बोंडी. जुळणारे दोन भागच बसतात. जुळणाऱ्या अक्षरांचे दोन धागे भेटले, की तेही असेच टिचकन बसतात.

१९९६ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन, रॉबर्ट लेट्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण घेतले. त्यांनी कणांचे दोन गट केले आणि दोन्ही गटांवर वेगवेगळे डीएनए धागे बसवले. धाग्याच्या टोकाला गंधक होतं. गंधकाला सोनं फार प्रिय, ते घट्ट धरून बसतं. हे दोन गट एकमेकांशी जुळणारे नव्हते, त्यामुळे एकत्र केले तरी पाणी लालच राहिलं. मग त्यांनी तिसरा धागा टाकला. त्याचं एक टोक पहिल्या गटाशी जुळणारं, दुसरं टोक दुसऱ्या गटाशी. झालं! तिसऱ्या धाग्याने दोन्ही गटांचे कण गुंफले गेले आणि लाल पाणी जांभळं झालं.

खरी बहार पुढेच आहे. पाणी गरम केलं, की डीएनएची टिचबटणं सुटली, कण मोकळे झाले आणि पाणी परत लाल! थंड केलं, की परत जांभळं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे पॉल अलिविसाटोस यांच्या गटानेही डीएनएच्या धाग्यावर सोन्याचे कण मोजून मापून बसवून दाखवले.

विश्राम, सावधान!

पण १९९६ सालच्या गुंफणीत कण नुसते जोडले गेले होते. लांबवर जाणारी नेमकी रांग अजून नव्हती. तिला आणखी बारा वर्षं लागली. २००८ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळा अशा दोन्ही ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी सोन्याच्या कणांचे खरेखुरे स्फटिक बनवले. स्फटिक म्हणजे सगळीकडे एकसारखी मांडणी, जशी मिठाच्या खड्यात किंवा खडीसाखरेत असते. फक्त इथे प्रत्येक अणूच्या जागी हजारो अणूंचा एक अख्खा सोन्याचा कण उभा!

हे कसं साधलं? कवायतीच्या तासाला रांग वेडीवाकडी झाली, की सर काय करतात? "विश्राम" म्हणतात, मुलं थोडी सैल होतात, जागा नीट करतात, मग "सावधान". अगदी तसंच. कण एकदम थंड केले तर जो जिथे असेल तिथेच अडकतो. म्हणून शास्त्रज्ञांनी पाणी बेताचं गरम ठेवलं. चुकीच्या जागी बसलेले कण सुटतात, पुन्हा जागा शोधतात, बरोबर जागा मिळाली की टिकून राहतात. हळूहळू सगळी रांग सरळ होते. ती सरळ झाली की नाही, हे क्ष-किरणांनी तपासलं.

मांडणीही हवी तशी करता येते, बरं का. सगळ्या कणांवर एकमेकांशी जुळणारा एकच धागा असला, तर प्रत्येक कणाभोवती बारा कण जमतात. बाजारात संत्रीवाला संत्र्यांची रास रचतो तेव्हा आतल्या प्रत्येक संत्र्याला बारा संत्री टेकलेली असतात. सहा भोवती, तीन खाली, तीन वर. आणि कणांचे दोन गट असून एका गटाने दुसऱ्या गटाचाच हात धरायचा असं ठरवलं, तर प्रत्येक कणाभोवती दुसऱ्या गटाचे आठ कण उभे राहतात. खोलीच्या मधोमध तुम्ही आणि आठ कोपऱ्यांत आठ मित्र, अशी कल्पना करा. धागा लांब केला की कणांमधलं अंतर वाढतं, आखूड केला की कमी होतं. म्हणजे हवं ते अंतर, हवी ती रचना!

२०१४ साली याच विद्यापीठात कणांचं पाणी काही दिवस अगदी सावकाश थंड केलं गेलं. तेव्हा बारा सपाट बाजूंचे, कडा रेखीव असलेले स्फटिक मिळाले. ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण बाजू एखाद्या कसबी जवाहिऱ्याने पाडाव्यात इतक्या नेटक्या! उपयोग नुसता आकाराचा नाही. कण किती अंतरावर आणि कशा रचनेत आहेत, हे हातात आलं, की स्फटिकाने कुठला उजेड गिळायचा आणि कुठला परतवायचा, हेही हातात येतं.

याचा आपल्याला काय उपयोग?

हा प्रश्न माझ्या वर्गातली मुलं हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवा.

मघाचा तिसरा धागा आठवा. तो टाकला तरच पाणी जांभळं होतं. आता समजा, तो धागा म्हणजे एखाद्या रोगजंतूचा डीएनए असेल तर? नमुन्यात जंतूचा डीएनए असेल, तर रंग बदलेल. नसेल, तर लालच राहील. १९९७ साली मर्किन यांच्याच गटाने दाखवलं, की अशा रीतीने ठरावीक डीएनए नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. धाग्यात एखादं अक्षर जरी चुकीचं असलं, तरी टिचबटण कमी गरमीलाच सुटतं, त्यामुळे तो फरकही कळतो.

हे महत्त्वाचं का आहे? मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात महागडी यंत्रं असतात. पण डोंगरातल्या पाड्यावर वीजच जाऊन-येऊन असते. तिथल्या ताईने नमुना घ्यायचा, तो तालुक्याला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. तोवर आजार थांबतो थोडाच? लाल की निळं, हे बघायला यंत्र लागत नाही, डोळे पुरतात.

आणि सोन्याच्या कणांची एक तपासणी तर तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी येऊन गेली आहे! २०२० नंतर करोनाच्या साथीत घरच्या घरी तपासणीच्या पट्ट्या मिळू लागल्या, आठवतं ना? आई-बाबांना नक्की आठवेल. त्यातल्या कित्येक पट्ट्यांवर उमटणारी लालसर रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. पट्टीवर एका रेघेत विषाणूला पकडणारी प्रथिनं बसवलेली असतात. सोन्याचे कण विषाणूला चिकटतात, विषाणू त्या रेघेत अडकतो, आणि हजारो-लाखो कण तिथे जमले की रेघ दिसू लागते. इथे स्फटिक नाही, पण कणांनी नेमक्या जागी जमायचं, हे तत्त्व आहेच.

दुसरा उपयोग आपल्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या शोधाशी जोडलेला आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९२८ साली कोलकात्यात रामन यांनी हा शोध जाहीर केला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला, की परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. हा बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा, जशी प्रत्येकाची सही वेगळी! पण ही सही फार पुसट असते. परतणाऱ्या कोट्यवधी प्रकाशकणांत जेमतेम एखादाच अशी सही घेऊन येतो.

१९७४ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की पदार्थ खडबडीत चांदीवर ठेवला तर ही सही कितीतरी ठळक होते. पुढे कळलं, की धातूचे दोन कण अगदी जवळ आले, की मधल्या फटीत प्रकाश एकवटतो. तिथे सापडलेल्या रेणूची सही लाखो पटींनी मोठी होते. मग फळाच्या सालीवर राहिलेलं कीटकनाशक अगदी कणभर असलं, तरी ओळखता येतं.

पण कण कसेही पडलेले असतील, तर एक फट छोटी, एक मोठी. एका जागी सही ठळक, दुसऱ्या जागी गायब. अशा तपासणीवर विश्वास कोण ठेवणार? कण शिस्तीत उभे असतील, तर सगळ्या फटी सारख्या आणि सगळीकडे उत्तरही सारखं. आता कळलं ना, शास्त्रज्ञ रांगेसाठी एवढा आटापिटा का करतात?

पुण्यातला गवती चहा

सोन्याच्या कणांचं काम आपल्याकडेही झालं आहे. २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाची पानं पाण्यात उकळली. तोच गवती चहा, जो सर्दी झाल्यावर आजी आपल्या चहात टाकते! तो अर्क त्यांनी सोन्याच्या क्षारात मिसळला. आधी सोन्याचे गोल कण तयार झाले. मग ते एकमेकांजवळ आले, एकमेकांत मिसळले आणि त्यांचे चपटे त्रिकोण बनले! या त्रिकोणांचा ठेका आणखी सावकाश असतो. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश ते गिळतात. म्हणजे अंतरासारखाच आकारही ठेका बदलतो.

घरी करून बघा

सोनं काही तुम्हांला मिळणार नाही, पण दोन प्रयोग आजच करा.

पहिला प्रयोग. एका परातीत पंचवीस-तीस सारख्या आकाराच्या गोट्या टाका. परात थोडी तिरपी धरून हलकेच हलवा. जोरात नाही, हलकेच! गोट्या आपोआप रांगा धरतील. मधल्या एका गोटीभोवती किती गोट्या टेकल्या आहेत, ते मोजा. सहाच भरतील. आता त्यात काही मोठ्या गोट्या आणि काही वाटाणे टाका आणि पुन्हा हलवा. रांग मोडते की नाही? सारख्या आकाराचे कण का लागतात, ते तुम्हांला हाताने कळेल.

दुसरा प्रयोग. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि दुधाचे दोन-चार थेंब टाकून ढवळा. खोलीत अंधार करा. ग्लासाच्या एका बाजूने बॅटरीचा उजेड सोडा. आधी ग्लासाकडे बाजूने बघा, पाणी किंचित निळसर दिसेल. मग बॅटरीच्या समोरच्या बाजूने, ग्लासातून पार आलेला उजेड बघा, तो पिवळसर दिसेल. दुधात धातू नसतो, त्यामुळे लायकर्गसच्या पेल्याइतके झगझगीत रंग मिळणार नाहीत. पण बारीक कण उजेडाची वाटणी करतात, परतणारा वेगळा आणि पार जाणारा वेगळा, हे मात्र डोळ्यांनी दिसेल.

आणि हो, एक प्रश्न तुमच्यासाठी. फॅरेडेने मीठ टाकून निळं केलेलं पाणी गरम केलं, तर ते परत लाल होईल का? डीएनएने जांभळं झालेलं पाणी तर होतं. मग या दोन्हींत फरक काय? उत्तर याच लेखात लपलेलं आहे. शोधा, आई-बाबांना समजावून सांगा आणि उद्या शाळेत आपल्या बाईंना किंवा सरांनाही विचारा. बघू या, कोणाचं उत्तर आधी येतं ते!